लाइन, वेस आणि चाळ : छावणीच्या गावांचा आपला इतिहास

आपल्या समाजाच्या स्थलांतराचा इतिहास सांगताना आपण बहुधा एकच वाट सांगतो. ही वाट गावकुसाबाहेरच्या महारवाड्यातून निघते आणि मुंबईच्या चाळीत जाऊन थांबते. गाव म्हणजे गुलामगिरी आणि शहर म्हणजे सुटका, असा तिचा अर्थ लावला जातो. हा अर्थ खोटा नाही. गावगाड्याच्या जोखडातून मान सोडवण्यासाठी शहराने आपल्याला जे दिले ते नाकारण्याचे कारण नाही. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत भारतीय खेड्याची जी चिरफाड केली, तिच्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव उभा होता. परंतु ही एकच वाट सांगितल्यामुळे आपल्या इतिहासातील एक मोठा टप्पा नजरेआड झाला आहे. हा टप्पा छावणीच्या गावांचा.

मुंबई-पुण्यासारखे मोठे शहर मागे टाकून दक्षिणेकडच्या एखाद्या लहानशा लष्करी गावी बिऱ्हाड हलवणारी कितीतरी कुटुंबे आपल्यात होऊन गेली. दापोली, सातारा, बेळगाव ही त्या गावांची नावे. शहर सोडून लहान गावी जाणे ही आज पीछेहाट समजली जाते. बदलीचा कागद हाती आला की माणूस हळहळतो. मग त्या काळी ह्या लहान गावांनी आपल्या माणसांना असे काय दिले, की त्यांतील कित्येकांनी नोकरी संपल्यावरही तेथेच राहणे पसंत केले? आणि जे दिले ते टिकले का? ह्या दोन प्रश्नांची उत्तरे शोधल्याशिवाय आपल्या चळवळीचा आरंभ नीट समजणार नाही, असे मला वाटते.

आपल्या लष्करी परंपरेविषयी बोलताना आपण लढाया सांगतो. १ जानेवारी १८१८ ची कोरेगावची लढाई सांगतो, स्तंभावर कोरलेली नाकान्त नावे मोजतो. ते सांगितलेच पाहिजे. पण लढाई एका दिवसाची असते. शिपायाचे उरलेले आयुष्य ज्या लाइनीत गेले, जेथे त्याच्या बायकोने चूल मांडली आणि जेथे त्याचे पोर पहिले अक्षर शिकले, त्या लाइनीचा इतिहास आपण लिहिलेला नाही.

१

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात कोकणातील महार मोठ्या संख्येने भरती होत. त्या काळच्या लष्करी कागदपत्रांत त्यांना ‘परवारी’ म्हटले आहे. बंगालच्या सैन्यात उच्चवर्णीयांचा भरणा होता आणि शिपायाचे सोवळेओवळे तेथे सरकारही सांभाळत असे. मुंबई सैन्याची रीत वेगळी होती. एकाच पलटणीत, एकाच तुकडीत मराठा, महार, मुसलमान, बेने इस्रायल, परदेशी असे सगळे असत. कर्तव्याच्या आड जात आणू नये, असा तेथील दंडक होता. महार शिपाई चढत चढत जमादार, सुभेदार होई आणि त्याच्या हाताखाली इतर जातींचे शिपाई असत. हा दंडक इंग्रजांच्या उदारपणातून आला, असे समजण्याचे कारण नाही. त्यांना स्वस्त आणि भरवशाचे सैनिक हवे होते. शिपायाला महिना ७ रुपये मिळत आणि त्यांतूनही कापाकापी होई. पण धन्याचा हेतू काहीही असला, तरी त्या दंडकाचा परिणाम आपल्या आयुष्यावर झाला.

मुंबईतील ‘मरीन लाइन्स’ हे स्टेशनाचे नाव रोज लाखो लोक उच्चारतात. ते नाव समुद्राच्या काठावरून आले, असेच बहुतेकांना वाटते. वस्तुतः तेथे मरीन बटालियनच्या, म्हणजे मुंबईच्या देशी पायदळातील एका पलटणीच्या, शिपायांच्या राहत्या ओळी होत्या. त्या ओळी म्हणजेच लाइनी. आज त्या लाइनींचा मागमूस उरलेला नाही, नाव मात्र उरले.

मुंबई सैन्याच्या पलटणी एके ठिकाणी राहत नसत. मुंबई, पुणे, बेळगाव, कोल्हापूर, धारवाड अशा ठाण्यांवर त्यांची अदलाबदल चाले. मुंबई आणि मद्रास सैन्यांत शिपायाचे कुटुंबही पलटणीबरोबर हले. रेल्वे येण्यापूर्वी बेळगावला पोचायचे तर एक तर वेंगुर्ला बंदरी उतरून घाट चढावा लागे, नाही तर पुण्याहून सातारा-कोल्हापूरच्या रस्त्याने मजल दरमजल करावी लागे. भांडीकुंडी, पोरेबाळे, म्हातारी माणसे घेऊन केलेला हा प्रवास होता. पोचल्यावर लाइनीत झोपडी उभी करायची तीही बहुधा शिपायानेच.

आता ह्या झोपडीकडे नीट पाहिले पाहिजे. गावात महाराचे घर कोठे असावे हे त्याच्या जन्मापूर्वीच ठरलेले असे. वेशीच्या बाहेर, वारा आणि पाणी गावावरून आपल्याकडे येईल अशा बाजूला. लाइनीत घराची जागा पलटण, कंपनी आणि हुद्दा ह्यांवरून ठरे. ओळ सरळ होती. तिला वेस नव्हती. मुंबईतही आपला माणूस राहत होता, पण तेथे तो गर्दीत हरवलेला होता. शहर त्याची जात विचारत नसे, कारण ते त्याला काहीच विचारत नसे. लाइनीत त्याला विचारले जाई ते त्याचे नाव, नंबर आणि हुद्दा. हजेरीच्या पुस्तकात त्याचे आणि त्याच्या बापाचे नाव पूर्ण लिहिले जाई. ज्या समाजाची नावे गावाने तोडून, वाकवून, तुच्छतेने उच्चारली, त्या समाजाला कागदावर पूर्ण नाव मिळणे ही लहान गोष्ट नव्हती.

बायकांच्या दृष्टीने हा बदल त्याहूनही मोठा होता. गावात महारकीची कामे पुरुषाच्या नावावर असली तरी भाकर मागायला, सरपण वाहायला, मेलेल्या ढोराचे मांस वाळवायला घरची बाईच पुढे असे. लाइनीत ती भाकर मागायला कोणाच्या दारात जात नव्हती. पगाराच्या पैशातून पलटणीच्या बाजारातल्या वाण्याकडून धान्य आणत होती. वाणी उधारीच्या वहीत तिचे देणे लिही आणि ते फेडले जाई. मागून आणलेली भाकर आणि विकत आणलेले पीठ ह्यांत जो फरक आहे, तो आपल्या आयाआज्यांना कोणी समजावून सांगावा लागला नाही.

तिसरी गोष्ट शाळेची. पलटणीच्या शाळेत शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिकवले जाई. ज्या काळी गावातील शाळेच्या ओसरीवरही आपल्या मुलाची सावली नको होती, त्या काळी छावणीतील महाराचे मूल पाटी घेऊन बसत होते. रामजी सुभेदार अशाच शाळेतून वर आले, पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिकले आणि पुढे १४ वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक राहिले. १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत जन्मलेले त्यांचे अपत्य आपल्या उद्धाराला कारणीभूत झाले, हे आपण भक्तिभावाने सांगतो. त्या घरात त्याआधी दोन पिढ्यांची लाइन होती, हे मात्र सांगत नाही. रामजींचे वडील मालोजीही सैन्यातच होते.

२

छावणीचे हे गुण सांगताना तिचे दुसरे अंग झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल.

छावणी परकीय सत्तेची होती आणि तिच्या बंदुका ह्याच देशातल्या माणसांवर रोखलेल्या होत्या. छावणीत लाइन होती तसा लाल बाजारही होता. १८६४ च्या कँटोन्मेंट कायद्याने आणि पुढे १८६८ च्या सांसर्गिक रोगांच्या कायद्याने तेथील स्त्रियांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी सुरू झाली. गोऱ्या शिपायांचे आरोग्य सांभाळण्यासाठी ह्या स्त्रियांना जनावरांसारखे तपासले जात होते. त्या कोणत्या घरांतून आल्या होत्या? गरिबांच्या आणि खालच्या मानल्या गेलेल्या जातींच्या घरांतूनच बहुतेक. एकीकडे लाइनीतल्या बाईचे नाव वाण्याच्या वहीत सन्मानाने चढले, दुसरीकडे तिच्याच एखाद्या बहिणीचे नाव ह्या दुसऱ्या वहीत चढले. दोन्ही वह्या एकाच छावणीच्या होत्या.

दुसरे असे, की लाइनीला वेस नसली तरी लाइनीच्या पलीकडचे गाव जसेच्या तसे होते. दापोलीत हे उघड झाले. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी तेथे छावणी वसवली. पुढे पलटणी गेल्या आणि पेन्शनर राहिले. गावाला आजही जुनी माणसे ‘कँप दापोली’ म्हणतात. तेथील महार पेन्शनरांनी आपल्या मुलांना नगरपालिकेच्या शाळेत घालण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांना अर्जविनंत्या कराव्या लागल्या आणि मुलांच्या वाट्याला वर्ग न येता व्हरांडा आला. ज्याने बापाच्या छातीवरचे पदक पाहिले होते, ते पोर शाळेच्या व्हरांड्यात बसून आतले शिक्षण ऐकत होते.

१९०१ सालचा मसूर स्टेशनावरचा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. रामजी तेव्हा गोरेगावला कॅशियर होते आणि मुले साताऱ्यास होती. वडिलांकडे जायला निघालेली ही मुले नीटनेटक्या कपड्यांत होती, त्यामुळे स्टेशनमास्तरला ती उच्चवर्णीयांची वाटली. जात कळताच त्याचा चेहरा बदलला. दुप्पट भाडे देऊ केल्यावर एक गाडीवान तयार झाला, पण गाडी मुलांनीच हाकावी आणि आपण पायी चालावे, ह्या अटीवर. वाटेत त्यांना पिण्याचे पाणी मिळाले नाही. हा प्रसंग आपण अस्पृश्यतेचे उदाहरण म्हणून वाचतो. तो छावणीच्या इतिहासाचा पुरावा म्हणूनही वाचला पाहिजे. कँपाच्या आसऱ्याने वाढलेली, इस्त्रीचे कपडे घातलेली, खिशात पैसे असलेली मुले आगगाडीने काही मैल गेली आणि वेस त्यांना तेथे भेटली. तरी साताऱ्याच्या शाळेतही त्यांच्यासाठी वेगळे तरट होतेच.

तिसरी मर्यादा सर्वांत खोल होती. लाइनीतील जमीन सरकारची होती. नोकरी आहे तोवर घर, पेन्शन झाली की लाइन मोकळी करायची. मग कोठे जायचे? शिपायापुढे तीन वाटा होत्या. मूळ गावी जावे, तर तेथे महारकी वाट पाहत होती. सुभेदाराने परत घोंगडी खांद्यावर टाकून पाटलाच्या वाड्यासमोर उभे राहायचे! मुंबईला जावे, तर उतारवयात गिरणीत काम मिळणार नव्हते आणि पेन्शन तेथे पुरणार नव्हती. तिसरी वाट छावणीच्या लहान गावाची. खर्च कमी, आपल्यासारखे चार पेन्शनर शेजारी आणि गावाला फौजी माणसाची थोडी सवय झालेली. रामजी सुभेदार १८९४ च्या सुमारास निवृत्त झाले तेव्हा त्यांनी मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे आपले मूळ गाव निवडले नाही. ते दापोलीला आले, तेथून साताऱ्याला. मुंबईला ते १९०४ साली गेले, तेही मुलाच्या हायस्कूलसाठी. परळच्या डबक चाळीतील एका खोलीत मग ह्या कुटुंबाने दिवस काढले. शहराने हायस्कूल दिले, हे खरे. पण हायस्कूलपर्यंत पोचण्याची तयारी ह्या लहान लष्करी गावांनी करून घेतली होती, हेही तितकेच खरे आहे.

३

१८९२-९३ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली. हिंदुस्थानचे सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स ह्यांच्या काळात ‘लढाऊ जातीं’चा सिद्धान्त बळावला होता. उत्तरेकडील काही जाती जन्मतःच शूर आणि बाकीच्या भ्याड, असे ह्या सिद्धान्ताचे सार होते. पलटणीची मिश्र रचना मोडून जातवार कंपन्या करायच्या ठरल्या. महार सुभेदाराच्या हाताखाली राहण्यास उच्चवर्णीयांची नाखुषी हेही भरती बंद करण्यामागचे एक कारण होते. म्हणजे ज्या सरळ ओळीने आपल्याला माणूस म्हणून उभे केले होते, तिच्यात शेवटी वेस शिरलीच. ती गावाने घातली नाही, सरकारने घातली.

ह्या धक्क्याला उत्तर कोणी दिले? मुंबईच्या चाळीने नव्हे. चाळ तेव्हा अजून बोलू लागली नव्हती. उत्तर दिले ते दापोलीच्या पेन्शनरांनी. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली सैन्यातून निवृत्त होऊन दापोलीस राहिले होते. जोतीराव फुल्यांच्या विचारांचा संस्कार त्यांच्यावर झालेला होता. त्यांनी अनार्य दोष परिहारक मंडळी स्थापन केली, १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढून धर्ममार्तंडांना जाब विचारला आणि १८९४ साली बंद झालेल्या भरतीविरुद्ध विनंतिपत्र तयार केले. १८९५ साली महाडच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली तेव्हा सवर्ण सभासद खवळले. आपल्या चळवळीचा हा पहिला लेखी आवाज एका लहान, दक्षिणेकडच्या, पलटणी निघून गेलेल्या लष्करी गावातून उमटला, हा योगायोग नव्हे. लिहायला-वाचायला येणारी, नियम माहीत असलेली, अर्ज कोणाकडे करावा हे जाणणारी आणि गावच्या पाटलाला पोटासाठी न भिणारी माणसे त्या काळी आपल्यात दुसरीकडे एकत्र राहत नव्हती.

वलंगकरांच्या विनंतिपत्रात महार हे मूळचे क्षत्रिय असल्याचा दावा आहे. आज तो आपल्याला रुचणार नाही. पण त्यानंतरचा प्रवास पाहावा. पुण्याच्या लष्कर भागाशी नाते असलेले शिवराम जानबा कांबळे ह्यांनी १९०३ साली सासवडला ५१ गावांच्या महारांची सभा घेतली, १९०८ साली ‘सोमवंशीय मित्र’ सुरू केले आणि १९१० साली थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवून लष्कर व पोलीस खात्यात प्रवेश मागितला. मेहेरबानी गेली की तिची आठवण करून द्यायची, येथून सुरुवात झाली होती. ती हळूहळू हक्काच्या भाषेपर्यंत आली. छावणीने जे फुकट दिले होते ते एका हुकुमाने परत घेतले, तेव्हाच आपल्या माणसांना कळले की जे काढून घेता येते ते हक्क नसते.

पहिल्या महायुद्धात सरकारला गरज पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. गरज संपल्यावर १९२१ साली ती मोडली. हा धडा दुसऱ्यांदा मिळाला. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभापाशी गेले आणि त्याच वर्षी मार्चमध्ये महाडचा सत्याग्रह झाला. महाडच्या गर्दीत जुने फौजी होते. शिस्तीत चालणे त्यांना कोणी नव्याने शिकवावे लागले नाही.

४

आता बेळगावकडे वळू. कापसाच्या काळ्या मातीतल्या आपल्या वऱ्हाडी माणसाला हे गाव परकेच वाटावे असे. हवा थंड, पाऊस धोधो, बाजारात मराठी, कानडी आणि दखनी अशा तीन भाषा. १८१८ साली इंग्रजांनी तेथील किल्ला घेतला आणि पुढे कायमची छावणी वसवली. १९२२ पासून मराठा पलटणीचे केंद्र तेथे आहे. डिसेंबर १९२४ मध्ये ह्याच गावी काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजी अध्यक्ष असलेले हे एकमेव अधिवेशन. त्यानंतर चार महिन्यांत, एप्रिल १९२५ मध्ये, बेळगाव जिल्ह्यातील निपाणीला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली बहिष्कृतांची परिषद झाली. १९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षाचे बी. एच. वराळे ह्याच जिल्ह्यातून निवडून आले. म्हणजे गाव लहान असले तरी आपल्या चळवळीला अनोळखी नव्हते.

जुलै १९४१ मध्ये बाबासाहेबांची राष्ट्रीय संरक्षण मंडळावर नेमणूक झाली. महारांची स्वतंत्र पलटण उभारावी ही मागणी त्यांनी लावून धरली होती. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. दुसरी कामठीला. टोपीवरच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. पुढे तो स्तंभ जाऊन त्या जागी कट्यार आली.

भरतीच्या कागदावर शिपायाचे गाव कोकणातले किंवा देशावरचे लिहिलेले असे. पण महार तरुणांतल्या कित्येकांचा मुक्काम तोवर मुंबईत झालेला होता. नायगाव, परळ, डिलाईल रोडच्या चाळींत आपल्या माणसांची दाट वस्ती होती. अशा तरुणाने बोरीबंदरला गाडी पकडावी, पुण्याला रुंद रूळ सोडून अरुंद रुळांच्या गाडीत बसावे आणि मिरजेवरून बेळगावला उतरावे. शहरात त्याने ट्राम, सिनेमा, संपाच्या सभा, दामोदर हॉल पाहिलेले. येथे भल्या पहाटेचा बिगुल, लाल चिखल आणि परेडचे मैदान. एवढ्या मोठ्या शहरातून इतक्या लहान गावात तो कशासाठी आला? पगार हे एक कारण, आणि ते लाजण्यासारखे नाही. पण ह्या वेळी आणखी एक गोष्ट होती. १८१८ चा शिपाई कंपनीचा नोकर म्हणून लाइनीत राहिला. १९४१ चा शिपाई स्वतःच्या संघटित समाजाने मागून घेतलेल्या पलटणीत दाखल झाला. पन्नास वर्षे अर्ज, परिषदा आणि सत्याग्रह करून हे दार उघडले होते. मधल्या काळात शहराने त्याला सभेत बोलायला शिकवले, म्हणून छावणीत तो ताठ मानेने परतू शकला. लाइन आणि चाळ ह्यांचे हे नाते आपण विसरता कामा नये. दोघींनी मिळून माणूस घडवला. ह्या वेळी युद्ध संपल्यावर पलटण मोडली गेली नाही. तिचे केंद्र आधी कामठीला गेले आणि अखेर मध्य प्रदेशातील सागरला स्थिरावले. कृष्ण राव आणि सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख ह्याच रेजिमेंटमधून पुढे आले.

५

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात छावणी नव्हती. वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांकडे आले, हैदराबाद कंटिंजंटच्या छावण्या एलिचपूर, जालना, हिंगोली अशा आसपासच्या ठाण्यांवर होत्या. पण कोकणच्या महाराला मुंबई सैन्याने जी वाट दिली, तशी वाट आमच्या माणसाला मिळाली नाही. त्याच्या वाट्याला १८७० साली जलंबवरून खामगावला गेलेली रेल्वे आली, सरकीचे कारखाने आले आणि गावात महारकी राहिली. परिणाम उघड आहे. कोकणातल्या फौजी घरांत एकोणिसाव्या शतकातच शाळेची पाटी आली. आमच्याकडे पदवी आली ती १९५० साली औरंगाबादला बाबासाहेबांनी मिलिंद महाविद्यालय काढल्यानंतर. आमच्या पिढीतही घरातला पहिला पदवीधर म्हणवून घेणारे माझ्यासारखे अनेक आहेत. हे साठ-सत्तर वर्षांचे अंतर बुद्धीचे नव्हते. एका भागात लाइन होती, दुसऱ्या भागात नव्हती, एवढाच तो फरक होता.

स्वातंत्र्यानंतर आमच्या जिल्ह्यातूनही मुले सैन्यात गेली. नांदुरा तालुक्यातील एका दिवंगत सैनिकाच्या वृद्ध पत्नीशी मी मुद्दाम बोललो. चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी नवऱ्याची पुण्याहून बेळगावला बदली झाली, तेव्हा त्या दोन लेकरे घेऊन गेल्या. त्या म्हणाल्या, “पुण्यात आमाले कोनी इचारतच नव्हतं. बेळगावले लाइनीत हुद्दा इचारत, अन् लाइनीभाईर आडनाव इचारत.” क्वार्टर मिळेपर्यंत चार महिने गावात खोली शोधावी लागली, त्या काळातले आडनावाचे प्रश्न त्यांना अजून पाठ आहेत. क्वार्टरचे बोलताना मात्र चेहरा खुलला. “नळ साऱ्याईचा एकच. पयल्यांदा माह्या हंड्याच्या मांगं दुसऱ्या जातीची बाई उभी राह्यली.” दीडशे वर्षांपूर्वीच्या लाइनीविषयी मी वर जे लिहिले, ते ह्या बाईंनी दोन वाक्यांत सांगितले.

हे स्थलांतर आजही संपलेले नाही आणि त्याचे देणेही फिटलेले नाही. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या दाखल्याची पडताळणी करताना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. ज्यांचे आजे-पणजे गाव सोडून छावणीत राहिले, त्यांची नावे गावच्या कोतवाल बुकात सापडत नाहीत, शाळेचा दाखला दुसऱ्याच गावचा असतो. छावणीच्या आसऱ्याने बेळगावात स्थायिक झालेली घरे १९५६ साली म्हैसूर राज्यात गेली, आणि त्यांचे सख्खे भाऊबंद महाराष्ट्रात राहिले. १९९० साली मर्री चंद्रशेखर राव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने असा निर्णय दिला, की एका राज्यातील अनुसूचित जातीचा माणूस दुसऱ्या राज्यात गेला तर तेथील सवलती त्याला मिळणार नाहीत. जातीचे नाव दोन्ही यादींत असले तरीही नाहीत, हे पुढच्या निकालांनी स्पष्ट केले. म्हणजे सैनिक बापाबरोबर परराज्यात वाढलेल्या मुलाला आडनाव विचारताना समाज राज्याची सीमा पाहत नाही, पण संरक्षण देताना कायदा पाहतो. विटाळ प्रवास करतो, हक्क मात्र गावी राहतो. ह्या विसंगतीवर आपण पुरेसे बोललेलो नाही.

म्हणून छावणीच्या गावांचा इतिहास हा केवळ अभिमानाचा विषय मानून चालणार नाही. तो पुराव्याचा विषय आहे. आजोबांचे डिस्चार्ज बुक, पेन्शनची पुस्तिका, लष्करी शाळेचा दाखला, क्वार्टरसमोर काढलेला कुटुंबाचा फोटो हे कागद आपल्या घरांतून रद्दीत जात आहेत. त्यांवर नाव आहे, बापाचे नाव आहे, गाव आहे, पुष्कळदा जातही आहे. पडताळणी समितीपुढे ते उपयोगी पडतील आणि इतिहासकारालाही. आपल्या महाविद्यालयीन मुलांनी एका सुट्टीत आपापल्या गावातील माजी सैनिकांच्या घरी जावे आणि पदकाबरोबरच लाइनीतल्या घराविषयी विचारावे. विशेषतः बायकांना विचारावे, कारण कोणत्या नळावर कोण उभे होते हे त्यांच्याच लक्षात आहे.

लाइनीने आपल्याला सरळ ओळ दाखवली, पण त्या ओळीतली जमीन आपल्या नावावर केली नाही. चाळीने गर्दीत लपायला जागा दिली आणि मग सभेत उभे राहायला शिकवले. ह्या दोहोंच्या बळावर जे मिळाले ते आपण १९५० साली संविधानात लिहून घेतले, कारण हुकुमाने आलेले हुकुमाने जाते हे दापोलीच्या पेन्शनरांनी आधीच पाहिले होते. लिहिलेले तरी टिकवायचे, तर लिहिण्यापूर्वीचा हा सगळा प्रवास, त्यातल्या लहान गावांसह, आपल्याला ठाऊक असला पाहिजे.